टेकडीवरचे शिंपले

सृष्टी सहा दिवसांत निर्माण झाली असं मानणारी माणसं खरंखुरं संशोधन करतात का, हा प्रश्न मला आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत विचारला गेला, आणि तो पुरता ऐकून घ्यायच्या आधीच मी उत्तर देऊन टाकलं.

"नाही," मी म्हणालो.

त्या वेळी फॉर्मलिनच्या बाटल्यांवरची धूळ पुसायचं काम चाललं होतं. तपासणी समिती येणार असली की आमच्याकडे बाटल्या पुसतात. एरवी आतल्या बेडकांना बाहेरचं जग दिसत नाही आणि दोघांचंही काही अडत नाही.

विचारणारी माझी जुनी विद्यार्थिनी. नवापूरकडच्या डोंगरातली. एम.एस्सी. करून ती आमच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवायला लागली होती. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्यांचे पैसे, तेही मंजूर होतील तेव्हा, आणि उन्हाळ्यात तुम्ही अस्तित्वातच नसता. घरचे ख्रिस्ती. वडील भात आणि तूर करतात, मजुरीलाही जातात, आणि रविवारी चर्चमध्ये गाणी सुरू करून देतात.

"सर, मला तिथं नोकरी मिळतेय," ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. बाहेरच्या राज्यातली, अशाच माणसांची एक संस्था तिच्या गावाजवळच्या टेकडीवर काम करत होती. टेकडीच्या माथ्यावर नदीतले शिंपले सापडले होते. नदी तर खाली, बरीच लांब. संस्थेच्या मते हा बायबलातल्या जलप्रलयाचा पुरावा. पाणी तिथवर चढलं, ओसरलं आणि शिंपले मागे राहिले. त्यांना शिंपल्यांची जाण असलेलं आणि तिथली भाषा बोलणारं माणूस हवं होतं. हिने एम.एस्सी.ला नदीतल्या शिंपल्यांवरच प्रकल्प केला होता. पगार महिन्याच्या महिन्याला, उन्हाळा धरून.

"मग अडचण काय आहे?"

"तुम्ही आत्ता नाही म्हणालात ते. बघून म्हणालात की न बघता?"

"न बघता. पृथ्वी सपाट आहे म्हणणाऱ्याकडे मी टेप घेऊन जात नाही."

"रागावू नका सर, पण मग ते आणि तुम्ही सारखेच झालात की." तिने एक बाटली उजेडाकडे धरून पाहिली. "आणि मागच्या महिन्यात आपल्याकडे जे झालं, ते संशोधन होतं?"

मागच्या महिन्यात आमच्याकडे राष्ट्रीय चर्चासत्र झालं होतं. राष्ट्रीय म्हणजे एक वक्ते सुरतेहून आले होते. त्यांनी मत्स्य, कूर्म आणि वराह या क्रमाने पडद्यावर चित्रं दाखवून उत्क्रांती आपल्याला आधीपासूनच ठाऊक होती हे सिद्ध केलं. प्रश्नोत्तरांसाठी ठेवलेला वेळ सत्कारांत गेला. मी पहिल्या रांगेत बसलो होतो आणि मलाही शाल-श्रीफळ मिळालं. घरी त्या नारळाची चटणी झाली, चांगली झाली. त्यामुळे मी पुढची बाटली पुसायला घेतली.

"दिवाळीच्या सुटीत या सर," ती म्हणाली. "चार दिवस आमच्याकडे राहा, त्यांचं काम बघा आणि मग सांगा. तुम्ही सांगाल तसंच मी करेन असं नाही, पण बघितलेल्या माणसाचं ऐकायचंय मला."

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "दिवाळीनी सुटीमा तुम्ही शिंपला मोजाले जाशात? आनि आठे नळ गळी ऱ्हायना तो कोन दखी?" नळाचा प्रश्न मी तसाच सोडून शहाद्याहून एसटीने निघालो. पन्नाशी उलटलेल्या माणसाला एखादी गोष्ट खोटी आहे हे प्रत्यक्ष जाऊन ठरवायला मिळणार असेल, तर त्याला प्रवास जाणवत नाही.

टेकडीच्या पायथ्याशी मोहाच्या झाडांखाली त्यांचे तंबू होते. संस्थेचे प्रमुख साठीचे, नीटनेटके, अंगात खूप खिशांचं जाकीट. सगळे त्यांना डॉक्टरसाहेब म्हणत. त्यांनी दिलेल्या कार्डावर पदव्या एवढ्या होत्या की पत्त्याला मागच्या बाजूला जावं लागलं होतं. त्यांची डॉक्टरेट पाइपमधल्या पाण्याच्या दाबावर होती. जलप्रलयाशी एवढं नातं मला पुरेसं वाटलं आणि मी मनातल्या मनात एक वाक्य जुळवून ठेवलं.

ते वाक्य वापरता आलं नाही, कारण माणूस सभ्य निघाला. सगळ्यांचं ताट वाढलं गेल्याशिवाय तो घास घेत नसे. आणि माझी खरी निराशा पुढेच होती. त्यांचं काम चांगलं होतं. माथ्यावर दोऱ्या ताणून चौकोन आखले होते. प्रत्येक शिंपला जिथे मिळाला तिथली जागा टिपून मग उचलायचा, व्हर्नियरने लांबी-रुंदी घ्यायची, पिशवीत घालायचा, चिठ्ठी लावायची. दोन सहायक उन्हात बसून हे करत होते आणि कुणी पाहत नसतानाही तसंच करत होते. आमच्या कॉलेजात व्हर्नियर कपाटात असतो, आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते रजेवर असतात.

"हे तर संशोधनासारखं दिसतंय," मी तिला हळूच म्हणालो.

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं," ती म्हणाली. "थट्टा करण्यासारखं असतं तर मी स्वतःच केली असती."

पण हात हलवत परत जाणं मला जमणार नव्हतं. मी तापीकाठचा. आमच्याकडे तलावातला, नदीतला गाळ ट्रॉलीच्या ट्रॉली भरून केळीच्या शेतात टाकतात आणि मग नांगर फिरला की शेतात शिंपले वर येतात. तेव्हा हे कोडं मला कोडंच वाटेना. मी वर्गात लागतो तो आवाज लावून जाहीर केलं की हा कुणीतरी शेतासाठी आणून टाकलेला नदीचा गाळ आहे, एवढंच.

डॉक्टरसाहेबांनी नम्रपणे ऐकून घेतलं. मग ते मी आलो त्या वाटेकडे पाहत म्हणाले, "सर, ट्रॅक्टर इधर चढ़ेगा कैसे?"

त्या वाटेने मी स्वतः झाडांची मुळं धरून चढलो होतो. "बैलगाडी," मी म्हणालो. मी दुपारपर्यंत बैलगाडीवर टिकून राहिलो.

दुपारी जेवण झाल्यावर ती बोलायला लागली. इतका वेळ ती फक्त पिशव्यांमधले शिंपले बघत होती.

"आमच्याकडे पाडे हलायचे," ती म्हणाली. "साथ आली किंवा एका घरात लागोपाठ माणसं गेली, की अख्खा पाडा उठायचा आणि दुसऱ्या टेकडीवर जाऊन बसायचा. खांब आणि दारं काढून न्यायची. मागे राहायची ती चूल आणि उकिरडा. आणि नदी उन्हाळ्यात बारीक झाली की बायका शिंपले काढतात. उकडून खायचे, घरामागे फेकायचे. थोडे जाळून चुना करायचा."

"अजून खातात?" मी विचारलं.

"खातात म्हणजे काय! काल आईने केले नाहीत, कारण तुम्ही शाकाहारी आणि तुमच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं."

सहायक हसले. डॉक्टरसाहेबही हसले.

"आता तीन म्हणणी झाली," ती म्हणाली. "सर म्हणतात गाळ, डॉक्टरसाहेब म्हणतात प्रलय, मी म्हणते उकिरडा. उद्या इथे खड्डा घेऊ. पण आधी ज्याने त्याने सांगायचं, खाली काय निघालं तर आपलं चुकलं. मी माझं सांगते. राख नाही निघाली, खापरं नाही निघाली आणि नखाएवढी पिल्लं पण निघाली, तर मी चुकले. एवढाले बारीक कुणी उकडत बसत नाही."

माझी पाळी आली. नदीची रेती निघाली नाही तर गाळ नाही, असं मला म्हणावं लागलं. ते म्हणताना बरं वाटलं नाही. आपली हरण्याची अट आपल्याच तोंडाने सांगणं हे चर्चासत्रात करायचं काम नव्हे. तिथे लोक घड्याळ लावून टाळ्या वाजवतात.

मग डॉक्टरसाहेब. ते तिच्याकडे मायेने बघत म्हणाले, "बेटी, प्रलय हुआ या नहीं, यह खुदाई से तय नहीं होगा। वह तो हुआ है। हम सिर्फ़ यह देख रहे हैं कि कैसे हुआ।"

त्यात लपवाछपवी काही नव्हती. माणूस आपली रीत उघडपणे सांगत होता. त्या क्षणी मला तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, आणि प्रयोगशाळेत मी दिलेलं 'नाही' किती बिनकामाचं होतं तेही कळलं. ही माणसं मापं खोटी घेतात असं मी धरून चाललो होतो. मापं अगदी खरी होती. ती मापं कुणाला काहीच विचारत नव्हती. शिंपल्याची लांबी तीन बोटं निघो की चार, प्रलयाला त्याने धक्का लागणार नव्हता आणि आधारही मिळणार नव्हता. उत्तर आधीच घरी येऊन बसलेलं असताना दारात उभं राहून त्याची वाट पाहायची, असलं ते काम होतं. फक्त उभं राहायची शिस्त मोठी होती.

दुसऱ्या दिवशी खड्डा घेतला. वर हातभर शिंपले. त्याखाली काळी राख, राखेत काही पांढरे पडलेले, भाजलेले शिंपले, खापराचे तुकडे, आणि मग हिरव्या काचेचा बांगडीचा तुकडा. रेती नावाला नाही. पिल्लंही नाहीत. माझी बैलगाडी तिथे मोडली. मला ते आवडलं असं नाही, पण दोन सहायकांसमोर "गाळ नाही" हे शब्द मी उच्चारले, आणि आश्चर्य म्हणजे त्यानंतर चहाला तशीच चव लागली.

"प्रलय में चूड़ी?" एक सहायक पुटपुटला. डॉक्टरसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. तो पुन्हा चिठ्ठ्या लिहायला लागला.

मी राखेवर खूश होतो. ती बांगडीकडेही पाहत नव्हती आणि राखेकडेही. तिने एक शिंपला धुऊन हातात घेतला होता. लांबट, जाड, बिजागरीपाशी खडबडीत.

"सर, हा आपल्या नदीत नाही."

"असेल कुठेतरी."

"नाही. मी दोन वर्षं नदी पालथी घातलीय. हा नाही."

मी मान हलवली आणि पुन्हा राखेचा आनंद घेऊ लागलो.

डॉक्टरसाहेबांनी संध्याकाळी आपला निर्णय सांगितला, तोही शांतपणे. या जागी माणसं राहून गेली आहेत, त्यामुळे ती बिघडलेली आहे. हा चौकोन अहवालातून काढायचा. प्रलयाचे शिंपले टेकडीवर दुसरीकडे असतील, तिथे शोधायचे. हिची नेमणूक पुढच्या महिन्यापासून पक्की. राखेचं काही लिहायचं नाही, तो वेगळा विषय आहे. आणि रविवारी प्रार्थनेनंतर गावाला ते पडद्यावर चित्रं दाखवणार होते, तेव्हा संस्थेच्या नव्या संशोधक म्हणून हिने शिंपल्यांबद्दल चार शब्द बोलायचे.

नेमणुकीची बातमी घरी आमच्या आधी पोहोचली होती. तिच्या वडिलांनी तर ती अर्ध्या गावाला सांगितलीही होती. ते अंगणात दोरखंडाचा पीळ नीट करत बसले होते. मी येतानाच धर्म आणि विज्ञान यांच्यावर एक बरंसं भाषण मनात तयार ठेवलं होतं. चर्चमध्ये गाणी सांगणाऱ्या माणसाशी गाठ आहे तर लागेलच, असा हिशेब.

"सर, राख निघाली का?" त्यांनी विचारलं.

"निघाली."

"बांगडी पण?"

"तीही निघाली."

त्यांनी दोरीला एक पीळ दिला. "प्रलयाची गोष्ट मला खरी वाटते. लहानपणापासून वाटते, उद्यापण वाटेल. तिला आमच्या उकिरड्याचा टेकू कशाला पाहिजे?"

माझं भाषण तिथेच संपलं. माझ्यापेक्षा त्यांनी ते कमी शब्दांत केलं होतं, आणि उलट्या बाजूने.

"म्हणजे मी नाही म्हणू?" ती दारातून म्हणाली.

"असं मी कुठे म्हणालो? नोकरी तुझी आहे. उन्हाळ्यात तू घरात बसून असतेस, कुणी विचारलं तर आई सांगते सुटीवर आलीय. ते मला पण दिसतं. गावाला मी काय सांगून बसलोय ते सोड. ते माझं मी बघेन."

ती तुरीच्या शेंगा सोलायला बसली. मीही बसलो. मला सोलता येत नाहीत हे तिच्या आईने लगेच ओळखलं आणि माझ्या पुढ्यातलं सूप काढून घेतलं.

रविवारी प्रार्थना झाली, गाणी झाली. मग चर्चच्या खिडक्यांवर चादरी टाकून पडदा लावला. डॉक्टरसाहेबांनी डोंगर दाखवले, पाणी दाखवलं, दोऱ्यांचे चौकोन दाखवले आणि शेवटी एक शिंपला पडदाभर मोठा करून दाखवला. लोक मन लावून बघत होते. मग त्यांनी हिला बोलावलं.

ती कोकणीत बोलली, म्हणजे तिथल्या डोंगरातल्या कोकणा लोकांच्या बोलीत; गोव्याची कोकणी वेगळी. मला फार कळलं नाही. टेकडी कळली, शिंपले कळले, राख हाताने दाखवली म्हणून कळली. मग मागच्या बाजूला बसलेल्या बायका एकदम हसल्या. एकीने तिथूनच काहीतरी विचारलं आणि सगळं चर्च हसलं. वडील मान खाली घालून बसले होते, पण त्यांचे खांदे हलत होते. हसून संपल्यावर ती पुन्हा बोलली, या वेळी हळू, आणि कुणीच हसलं नाही.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणालीस?"

"म्हटलं, हा तुमच्याच आज्यांनी खाऊन टाकलेला शिंपला आहे, खाली चुलीची राख आहे. तर मावशी म्हणाल्या, त्या साहेबांना विचार, त्यांना रस्सा हवा का कोरडे."

"आणि नंतर?"

"नंतर सांगितलं की हे बोलू नको असं मला सांगितलं होतं. बायबलातलं खरं की खोटं ते मी सांगायला आले नाही. ह्या खड्ड्यात काय निघालं तेवढं सांगायला आले."

डॉक्टरसाहेबांनी माइकवर विज्ञानात मतभेद असतातच असं म्हणून कार्यक्रम संपवला. हा माणूस मला जितका आवडायला नको होता तितका आवडत चालला होता. ते दुपारी तिच्याच घरी जेवले. निघताना अंगणात उभे राहून म्हणाले की ते अजून कुणाला नेमत नाहीत, तिने घाई करू नये, नीट विचार करावा.

"विचार केला सर," ती म्हणाली. "आज तुम्ही राख बाजूला ठेवायला सांगितलीत. उद्या आणखी काही ठेवायला सांगाल. तुम्ही वाईट माणूस आहात म्हणून नाही, तुम्हाला ते करावंच लागेल. आणि मला त्याची सवय होईल."

त्यांनी तिच्या आईला जेवणाबद्दल हात जोडले आणि जीपमध्ये बसले.

तर ही सृष्टीवादी माणसं संशोधन करतात का? आता मी बघून सांगतो. मोजतात, नोंदी करतात, उन्हात बसतात, आणि या बाबतीत आमच्या विभागाने त्यांच्याकडे शिकायला जावं. पण संशोधन करत नाहीत. चुकण्याची जागा जिथे ठेवलेली नाही तिथे कितीही मोजा, हाती नवं काही लागत नाही. हे आमच्या चर्चासत्रालाही लागू आहे आणि ते मी स्टाफरूममध्ये बोलून दाखवलं. पुढच्या चर्चासत्राच्या समितीतून माझं नाव वगळलं गेलं. शालींचं कपाट तसंही भरलं होतं.

खड्ड्यातून नवं निघालं ते मी पाहिलंच नव्हतं. डॉक्टरसाहेब प्रलय शोधत होते, मी त्यांची चूक शोधत होतो, आणि आपापल्याला हवं ते मिळवण्यात आम्ही दोघे गुंतलो होतो. तो लांबट शिंपला तिने एकटीने उचलला होता. पुढच्या उन्हाळ्यात, कॉलेजच्या लेखी ती अस्तित्वात नसताना, ती म्हाताऱ्या माणसांना विचारत सोडलेल्या पाड्यांच्या जागा धुंडाळत हिंडली. वडील बरोबर जायचे. एकेका उकिरड्यातून शिंपले गोळा करून तिने ते आजच्या नदीतल्या शिंपल्यांशी ताडून पाहिले. जुन्या लोकांच्या जेवणात असलेले काही प्रकार आज नदीत नाहीत. ते कधी गेले आणि का गेले, हा तिच्या पीएच.डी.चा विषय झाला. हा प्रश्न त्या टेकडीवर जाताना कुणीच बरोबर नेला नव्हता.

पगार अजून तासांचाच आहे. कायमच्या जागेची जाहिरात निघेल असं दर वर्षी म्हणतात. मध्यंतरी डॉक्टरसाहेबांनी तिला काही जुने नकाशे पाठवले, सोबत शुभेच्छा. नकाशे कामाचे निघाले आणि तिने प्रबंधात त्यांचे आभार मानायचं ठरवलं आहे. माझे मानणार आहे की नाही ते अजून कळलेलं नाही.

ते शिंपले नदीवरच्या धरणामुळे गेले असं माझं मत आहे, आणि मी ते तिला ठामपणे सांगितलं. तिच्याकडे आणखी दोन शक्यता आहेत, रेतीचा उपसा आणि मासे मारायला पाण्यात टाकलेलं औषध. गेल्या आठवड्यात ती गुडघाभर पाण्यात उभी राहून तळातला चिखल चाळत होती आणि मी काठावर तिच्या चपला सांभाळत बसलो होतो. मी धरणाचा मुद्दा पुन्हा मांडायला सुरुवात केली. तिने चाळणी उचलून माझ्यासमोर धरली आणि म्हणाली, "सर, आधी हे धरा. दोन्ही हातांनी."